कापडाचा वाघ

पुरुषांचं शिवणं मी करत नाही. शर्टाला बटण लावून द्या म्हणून कोणी आला तरी त्याला समोरच्या दुकानात पाठवतो. बाभुळगावात माझं दुकान आहे ते लेडीज टेलरचं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पोरींचे फ्रॉक, फॉल-पिको. फिटिंग बिघडलं की बाया माझी सालं काढतात, मीही त्यांना उलट बोलतो, आणि तरी पुढच्या सणाला त्या माझ्याकडेच येतात. अख्ख्या आयुष्यात पुरुषाच्या अंगाचा एकच पोशाख मी शिवला. तो वाघाचा होता आणि माप माझंच होतं.

आमच्याकडे मोहरममध्ये वाघ निघतात. सवारी, म्हणजे पिराचा पंजा, बसते, तिच्यापुढे ज्याला जे मागायचं ते तो मागतो, आणि मागणारा कोणत्या धर्माचा हे आमच्या गावात कोणी विचारत नाही. ज्यांची लेकरं जगत नाहीत अशा बाया सवारीपुढे पदर पसरतात. लेकरू जगलं तर त्याला वाघ करून तुझ्यापुढे नाचवीन, म्हणतात. माझ्याआधीचे माझे दोन भाऊ पाळण्यातच गेले. मी राहिलो, म्हणून मी वाघ झालो. कळायला लागल्यापासून दरवर्षी. फक्त दहावीच्या वर्षी सुटलो, कारण कावीळ होऊन अंथरुणाला खिळलो होतो. लग्न झाल्यावर एकदा मायला विचारलं, हे अजून किती वर्षं? “जन्माचं हाये,” ती म्हणाली आणि भाकर थापू लागली.

लहानपणी मला याची ऐट होती. वर्गात माझ्यासारखा वाघ दुसरा कोणी नव्हता. पण मोठ्या माणसाचा वाघ करणं म्हणजे काय असतं ते सांगतो. अंगावरचे केस वस्तऱ्याने काढायचे, लंगोट लावून उभं राहायचं आणि रंगारी येऊन गळ्यापासून पायाच्या नखापर्यंत पिवळा ऑइलपेंट फासतो. तो वाळेपर्यंत हात पसरून उन्हात उभं. मग काळे पट्टे. मग कमरेला दोर बांधून दोन माणसं मागून धरतात, ताशा वाजतो आणि वाघाने दारोदार नाचायचं. ज्या बायांची मापं मी वर्षभर घेतो, त्यांच्याच अंगणात लंगोटावर. दुसऱ्या दिवशी तीच बाई ब्लाउज न्यायला येते आणि हसू दाबत हुक तपासत बसते. मी तिला ब्लाउजचे पैसे वाढवून सांगावेत असं मनात येतं, पण सांगत नाही.

आणि वाघाने बोलायचं नाही. ही आमच्याकडची रीत आहे. रंग चढला की सवारी थंडी होईपर्यंत, म्हणजे तिचं विसर्जन होईपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. पाणी हवं असेल तर पंजा तोंडाकडे न्यायचा. बोलका माणूस असल्यामुळे मला रंगापेक्षा याचाच जाच जास्त होता.

गेल्या खेपेला रंग अंगावर उठला. पाठीवर आणि पोटावर चट्टे आले, त्यातून पाणी वाहायला लागलं. यवतमाळच्या कातडीच्या डॉक्टरने बघितलं आणि मला असं झापलं की जणू तो रंग मी हौसेने लावला होता. पुन्हा लावाल तर माझ्याकडे येऊ नका, म्हणाला. मला इतका आनंद झाला की परतताना स्टँडवर मी बायकोला आग्रह करकरून आलुबोंडे खाऊ घातले. सुटलो होतो मी. डॉक्टरने सांगितलं होतं, मी नाही म्हटलं नव्हतं.

मायने सगळं ऐकून घेतलं. सुपातली तूर पाखडत राहिली. पुढे मोहरम जवळ आला तशी ती नीट जेवेना. आणि एक दिवस मी मशीनवर बसलेलो असताना दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

“रंग नको लावू,” म्हणाली. “कापडाचा वाघ कर. शिंपी हायेस ना तू?”

मी मशीन थांबवलं. मी माळी असतो, मास्तर असतो, बँकेत शिपाई असतो तर सुटलो असतो. माझ्याच धंद्याने मला धरून दिलं.

रात्री बायको कडाडली. “तुमाले नाई म्हनता येत नाई का? तोंड नाई का तुमाले?” मी तिला वचन दिलं की यंदाचं शेवटचं. यंदा कापडाचा वाघ होतो, मायचं मन राखतो, आणि सवारी थंडी झाल्यावर तिला सरळ सांगतो की आता बस. बायकोने ते वचन दोनदा म्हणवून घेतलं. तिला भीती वेगळीच होती. आमचा पोरगा आता चालता-बोलता झाला होता, आणि माय त्याच्याकडे पाहून अधूनमधून म्हणायची, याचं बी काहीतरी बोलून ठेवा लागन.

शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. हात वर केला की छाती बदलते, वाकलं की पाठ. शेवटी बायकोने टेप धरला आणि मी आकडे लिहिले. ती प्रत्येक मापाला टोमणा मारत होती. पोटाच्या मापाला तर तिने टेप दोनदा फिरवून पाहिला. गाण्याच्या कार्यक्रमातल्या नाचणाऱ्या पोरींना घालतात तसलं ताणलं जाणारं चकाकतं कापड मी यवतमाळहून आणलं. पिवळं अख्ख्या अंगाला, पांढरं पोटाला, काळं पट्ट्यांना. ब्लाउजपीसवर वाढलेला माझा हात. त्या कापडावर मशीन टाके सोडू लागलं, शिवण ओढली की तटातट तुटायची. मग बनियनच्या कापडाची सुई आणली, दोरा सैल केला, आणि कापडाला न ओढता नुसतं मशीनच्या पायाखालून जाऊ द्यायचं, हे हाताला शिकवलं. खरं सांगायचं तर दोन-चार दिवस मी बाकी सगळं विसरलो. काळे पट्टे कापून कडेने पिवळ्यावर बसवताना गिऱ्हाइकाला मी नंतर या, नंतर या म्हणत होतो. रंगाऱ्याचे पट्टे नेहमी झेब्र्यासारखे सरळ यायचे. माझे खांद्यावरून फुटून पाठीत निमुळते झाले. ते चांगलेच झाले होते आणि मला त्याचा रागही येत होता.

पहिल्यांदा घालून पाहिला तेव्हा बायको भिंतीला टेकून हसायला लागली. मी आरशात पाहिलं. सवयीने मी पुढच्या भागाला छातीचे टक्स घातले होते. फिटिंग उत्तम होतं, फक्त ते बाईचं होतं.

“वाघ नाई व, वाघीन शिवली तुमी,” बायको म्हणाली. माय मात्र हसली नाही. ती म्हणाली, “उसव ते,” आणि मी उसवलं.

दुसरी चूक उशिरा लक्षात आली. चेन मी पाठीवर लावली होती. फ्रॉकची चेन पाठीवर असते, ड्रेसची पाठीवर असते, माझ्या हाताने दुसरीकडे चेन कधी लावलीच नव्हती. त्यात पंजे मी बाह्यांनाच जोडून टाकलेले, बोटं आत बंद. म्हणजे एकदा चढवल्यावर हा वाघ स्वतःच्या हाताने बाहेर येऊ शकत नव्हता. आता बदलायचं तर पोट उसवून पांढऱ्या कापडाला चीर द्यावी लागली असती, आणि मोहरम दारात आला होता. “राहू दे,” माय म्हणाली. “मी हाये ना उघडाले.”

डोक्यासाठी मी हेल्मेट घेतलं. मोटारसायकलसोबत मिळालेलं, आमच्या गावात कोणी घालत नाही म्हणून नवंकोरं पडून होतं. पुढची काच काढली, वरून फोमचे गाल आणि कान चिकटवले, त्यावर फरचं कापड ओढून बसवलं, नारळाच्या काथ्याच्या मिशा लावल्या. वाघाचा जबडा जिथे उघडतो तिथून मला दिसायचं. डोळ्यांना रिक्षावाल्यांच्या दुकानातले लाल रिफ्लेक्टर. घालून पाहिलं तर माझाच श्वास कानात घुमत होता आणि फेविकॉलच्या वासाने डोकं उठत होतं. माय समोर उभी राहून जबड्याकडे तोंड करून म्हणाली, “ऐकू येते का रे आतमंदी?” मला ऐकू येत होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगात पूर्ण पोशाख होता, आणि वाघ बोलत नाही हे तिनेच मला शिकवलेलं. मी उगाच रीत मोडायची कशाला म्हणून गप्प राहिलो. तिने मान हलवली आणि गेली.

सगळं झाल्यावर पिवळं कापड थोडं उरलं. मायने ते उचललं, पोराच्या अंगाला लावून पाहिलं. “याच्यात बसते हा,” म्हणाली.

बायकोने ते कापड तिच्या हातातून काढून घेतलं. सासूशी ती कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती, तेव्हाही नाही. फक्त म्हणाली, “माह्या लेकराले नाई.” मी तिथेच बसून दोरा ओवत होतो. मी काय बोलणार होतो? माझं वचन सवारी थंडी झाल्यानंतरचं होतं.

मोहरमच्या दिवशी दुपारी मायने मला पोशाखात भरलं. पावडर लावून पाय आत सरकवले, बाह्या ओढल्या, पाठीची चेन वर नेली आणि ती खाली घसरू नये म्हणून वर सेफ्टीपिन टोचली. पोराने मला पाहिलं आणि जो टाहो फोडला तो थांबेना. मी त्याला जवळ घ्यायला गेलो तर आणखीच किंचाळला. तो मी आहे हे मला बोलून सांगता येत नव्हतं. बायको त्याला उचलून आत घेऊन गेली आणि दार लावलं.

आकाश भरून आलेलं, वारा नाही. त्या कापडातून हवा जात नाही हे मला शिवताना कळायला हवं होतं. पहिल्या गल्लीतच घाम पाठीवरून पायांत उतरला आणि तळव्यांत साचला. लोक खूश होते. असला वाघ कोणी पाहिला नव्हता. पोरं मोबाइल घेऊन मागे धावत होती, म्हातारी माणसं शेपटी ओढून पाहत होती, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई दुसरीला म्हणाली, “फिटिंग पाय व, कशी बसली!” मी नाचत होतो. ताशा हेल्मेटच्या आत दुप्पट वाजत होता. मग मला लघवीला लागली. ते मी कोणाला सांगणार आणि सांगून कोण काय करणार? चेनला पिन होती आणि पिन मायने लावली होती. मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं तर ती हात जोडून चालत होती. मी दात आवळून नाचत राहिलो.

सवारीजवळ पोहोचल्यावर मला विसाव्याला ओट्यावर बसवलं. दोर धरणारे दोघे चहाला गेले. शेजारी आमचे मुजावर चाचा येऊन बसले. वर्षभर त्यांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान असतं, मोहरममध्ये सवारी ते सांभाळतात. माय माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. चाचांनी माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मान डोलावली.

मग ते माझ्या डोक्यावरून मायला म्हणाले, “बहन, सुना इसकी चमडी निकल गई थी. अब बस कर. तूने तो मूंछ आने तक का बोला था. याले मिशी येऊन जमाना झाला.”

मला वाटलं ताशाच्या आवाजात मी काहीतरी भलतंच ऐकलं. पण ताशा थांबलेला होता.

“हळू बोला, भाऊ,” माय म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तसं ऐकू नाई येत त्याले याच्यात. मी घरी बोलून पाह्यलं, हूं की चूं केलं नाई.”

मी हललो नाही. हललो असतो तर ती थांबली असती, आणि मला पुढचं ऐकायचं होतं.

“तुमी म्हनता ते खरं हाये,” ती म्हणाली. “नवस कवाचाच फिटला. दहावीत होता तवा मिशी फुटली, मी म्हटलं झालं आता, अन् त्या वर्सी केलं नाई. मोहरम झाला अन् थोड्याच दिवसांत पोट्टं कावियीनं असं पडलं भाऊ, डोये उघडेना. दोन तं आधीच गेलते. मी धावत इथंच आली. तुमी नव्हते तवा. सवारीपुढं म्हटलं, चुकलं माहं, दरसाल करीन.”

आधी मोहरम की आधी कावीळ, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कावीळ होती म्हणून वाघ झालो नाही, असंच मी धरून चाललो होतो.

“बीमारी तो बीमारी होती है,” चाचा म्हणाले. “उसका इससे क्या?”

“मले समजते. मी काही येडी नाई. पन भेव नाई जात ना जीवातलं.” पदराने तिने नाक पुसलेलं मला जबड्यातून अर्धवट दिसलं. “नातवाले करीन म्हटलं होतं. सून नाई म्हनते. तिचं बी बरोबर हाये, तिचं लेकरू हाये. मंग काल येऊन मी सवारीले बोलून ठेवलं. नातवाच्या वाटचं बी ह्याच्याच हातून घेजो. हा जित्ता हाये तोवर हाच नाचन, पन माह्या नातवाले आंच नको लागू देऊ.”

“ऐसा सौदा नहीं होता, बहन,” चाचा म्हणाले. “देनेवाला ऐसे नहीं मांगता.”

“नसन होत,” माय म्हणाली. “मी तं केला.”

मला संताप आला. इतका की हेल्मेट काढून ओट्यावर आपटावं. मी खरंच हनुवटीखाली हात नेला, पण पंजात बोटं बंद, पट्टा सापडेना, आणि मायला वाटलं मी पाणी मागतोय. तिने जबड्यातून ग्लासची कड माझ्या ओठांना लावली, हळू, सांडू न देता. मी प्यालो. माझी इतकी वर्षं, लंगोटावरचे नाच, बायांचं दाबलेलं हसू, पाठीवरचे चट्टे, सगळं फिटलेल्या नवसापायी. आणि ही बाई मला पाणी पाजत होती. मग दोरवाले आले, ताशा सुरू झाला आणि मी उठलो. उरलेला वेळ मी कसा नाचलो ते मला सांगता येणार नाही. लोक म्हणाले, वाघ अंगात आला.

सवारी नदीवर नेऊन थंडी केली तेव्हा दिवस मावळत होता. घरी आल्यावर मायने पिन काढली, चेन उघडली. सगळ्यात आधी मी मोरीकडे धावलो. परत आलो तर तिने ओल्या टॉवेलने माझी पाठ पुसली, दिव्याखाली नेऊन जवळून पाहिली. “एक चट्टा नाई,” ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. बोलायची बंदी उठली होती आणि तोंडात सगळं जमून होतं. पण पाठ तिच्या हातात असताना मला सुरुवात करता येईना. कपडे घालतो म्हणून मी आतल्या खोलीत गेलो.

बायको पोराजवळ पडून होती. मी तिला दबक्या आवाजात सगळं सांगितलं. ती उठून बसली. तिचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नसेल.

“मंग तं झालंच!” ती म्हणाली. “फिटला हाये म्हनजे फिटला. त्याच म्हनल्या ना आपल्या तोंडानं? जा, आताच सांगा. मी येतो संगं.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. असल्या सौद्यांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. निघता निघता झोपलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो गरम लागला.

“ताप हाये का याले?”

“नाई जी. रडून रडून तापलं ते. तुमाले पाहून किती रडला! झोपू द्या.”

तिचं बरोबर असणार. पोरं रडून तापतात, हे मलाही ठाऊक आहे. मी हात काढला आणि पुन्हा ठेवला. मग मानेखाली ठेवून पाहिला, मग पोटावर. मायने कालच तर बोलून ठेवलंय, असं माझ्या मनात आलं, आणि माझीच मला घृणा आली. पण हात तिथून निघेना. मला भीती वाटत होती. मायची इतकी वर्षांची भीती काय असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

माय दारात आली. तिच्या हातात पोशाख होता, उलटा करून, घामाने ओला.

“धून वाळू घालतो हा,” ती म्हणाली. “मंग घडी करून ठेवू का?”

बायको माझ्याकडे पाहत होती. तिने डोळ्यांनी खूण केली, बोला. मी पोराचं कपाळ आणखी एकदा पाहिलं.

“हा नको ठेवू,” मी म्हणालो. “पुढच्या वर्सी पातळ कापड घ्या लागन. याच्यात लय उकडते.”